मुळाशी राहिलेला रंग

सुनेनं वाटेल ते करावं, पण सासूनं धुतलेलं पुन्हा धुवू नये. बाईंची तक्रार एवढीच होती, आणि ती त्यांनी सकाळच्या चहाबरोबर मुलाच्या पुढ्यात ठेवली.

"काल संध्याकाळी ब्रश मी धुतले. माझ्या या हातांनी. टॉवेलवर आडवे लावले, वर पंखा सोडला. आज सकाळी खाली जाऊन बघते तर केस मुळाशी ओले. रात्रभर पंख्याखाली पडलेला ब्रश ओला राहतो होय रे?"

"राहिला असेल," मुलगा म्हणाला. त्याचं सगळं लक्ष बशीत होतं.

"राहिला असेल म्हणे! उभा जन्म ब्रश वाळवण्यात गेला माझा. तुझी बायको माझ्याआधी खाली जाते आणि गुपचूप पुन्हा धुते. म्हणजे काय, माझ्या हाताला घाण आहे?"

"मग तिलाच विचार ना."

"तिला काय विचारू? काही विचारलं की 'हो आई'. उलटं विचारलं तरी 'हो आई'. अरे, भांडायचं तर समोर माणूस नको का?"

मुलानं उरलेला चहा एका घोटात संपवला आणि गाडी पुसायचं निमित्त काढून तो खाली सटकला. बापावर गेलाय, बाई मनात म्हणाल्या. तोही असाच, घरात वारं सुटलं की अंगणात.

दुकान घराखालीच होतं. पुढे दोन आरसे आणि दोन उंच खुर्च्या, मागे पडद्याआड बेसिन, खिडकी आणि एक लांब टेबल. लग्नाच्या नवऱ्या, नाचाच्या पथकातल्या बायका, फोटो काढून घ्यायला निघालेल्या पोरी, सगळ्या या दोन खुर्च्यांवर बसून नटून-थटून गेल्या होत्या. पाटीवर नाव दुसरंच होतं, पण ते कुणी वाचत नसे. "बाईंकडे जाते" म्हटलं की रिक्षावाल्यालाही कळायचं.

सून घरात आली तेव्हा तिचं नाव मनी बाईंनीच ठेवलं. पावलाचा आवाज नाही, भांड्याचा आवाज नाही, कधी येते कधी जाते पत्ता नाही. अशा बाईला मांजराचं नाव नाही द्यायचं तर कुणाचं? पण मनीचा हात हलका होता, हे बाईंनी पहिल्याच महिन्यात ओळखलं आणि कुणाला सांगितलं नाही. कौतुक केलं की माणूस ढिला पडतो, असं त्यांचं मत होतं. त्यांनी तिला फटकारून फटकारून शिकवलं. आधी चेहऱ्याला रंगाचा हात, मग गाल, मग भुवया. गेल्या वर्षी पापणीची बारीक रेघही तिच्याकडे गेली. बाई म्हणाल्या, "कंटाळा आला मला, तूच कर." खरं म्हणजे रेघ हल्ली त्यांच्या हाताखाली हलायची. पण ते बोलायचं कशाला?

एकेक करून सगळं मनीकडे गेलं होतं. बाईंकडे उरलं होतं ते ब्रश धुणं. तेही गेलं असतं, तर दुकानात त्या कोण? खुर्चीवर बसवून ठेवलेली म्हातारी, येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी विचारणारी. म्हणून तर त्या ओल्या मुळांनी त्यांचा जीव एवढा खाल्ला.

आणि ब्रश धुणं म्हणजे काही भांडी घासणं नव्हे. बाईंची त्यात एक रीत होती. पाणी कोमट, हाताला कळेल न कळेल इतकंच. केस कायम खाली. पाणी वर चढून केस धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या कड्यात शिरलं की आतला गोंद सुटतो आणि मग ब्रशचे केस गिऱ्हाइकाच्या गालावर चिकटून बसतात. चिकट रंगाच्या ब्रशला आधी तेलाचा थेंब, मग साबण. तळहातावर गोल गोल फिरवायचा, जोर लावायचा नाही. पिळायचा नाही, फडक्यात दाबायचा. मग दोन बोटांनी केसांना आकार द्यायचा, जसा बाळाच्या डोक्याला मालिश करताना देतात तसा, आणि टेबलाच्या कडेला आडवा ठेवायचा, केस हवेत. स्पंज तर त्या धुवायच्याच नाहीत. शिकायला आलेल्या पोरींसमोर जुना स्पंज मधोमध कापून दाखवायच्या. आतला काळा बुरा बघून पोरी नाक मुरडायच्या. "वरून कसा गोरागोमटा होता, नाही?" बाई म्हणायच्या. पापण्यांचा चिमटा, कात्री, टोकयंत्र, सगळं स्पिरिटनं पुसून झाकणाच्या डब्यात. एकदा एका पोरीनं ओले ब्रश पेल्यात उभे करून ठेवले होते. बाईंनी ते पेल्यासकट तिच्या हातात दिले आणि म्हणाल्या, "फुलदाणी छान झालीय. घरी घेऊन जा, आणि उद्यापासून घरीच बस."

शेवटची परीक्षा रुमालाची. धुतलेला ब्रश पांढऱ्या रुमालावर टेकून जरा दाबून फिरवायचा. रुमाल कोरा राहिला तर ब्रश धुतला. डाग उमटला तर पुन्हा पहिल्यापासून. बाईंचे रुमाल हल्ली नेहमी कोरेच राहायचे. हल्लीचे रंगच कमजोर, पहिल्यासारखे चिकटून बसत नाहीत, असं त्या म्हणायच्या. साबणही पाणचट. बल्बही मेले मिणमिणते. पडद्यामागचा बल्ब त्यांनी बदलून घेतला, मग पुन्हा बदलून घेतला. तिसऱ्यांदा बोलावलं तेव्हा वायरमन शिडीवरून म्हणाला, "बाई, याहून जास्त उजेड हवा तर छप्पर काढावं लागेल." बाईंनी त्याला चहा न देताच वाटेला लावलं.

त्या दिवशी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. बाईंनी मनीला पडद्यामागे बोलावलं.

"ब्रश पुन्हा धुतेस का?"

मनी टेबल पुसत होती. फडकं थांबलं. "हो आई."

"का?"

"सवय झाली."

"कसली सवय? माझ्या धुण्यात काय राहतं?"

मनीनं खाली बघितलं. मग ती म्हणाली, "काही नाही राहत, आई. नाही धुणार."

बाईंना तेवढ्यानं समाधान व्हायला हवं होतं. पण तिनं 'नाही' इतकं पटकन म्हटलं की त्यांना ते खोटं वाटलं. दुसऱ्या दिवशी बेकरीवाल्यांच्या मुलीचं लग्न होतं. नवरीला तिच्या घरी जाऊन तयार करायचं होतं. आज सकाळीच नाचाच्या पथकातल्या बायका येऊन गेल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांना मोरपंखी रंग आणि वर काळा, असा गडद काळा की लांब बसलेल्यांनाही डोळे दिसावेत. ते सगळे ब्रश बाईंनी संध्याकाळी बसून धुतले. तेल लावलं, साबण लावला, रुमालावर फिरवले. रुमाल कोरा. वाळल्यावर त्यांनी ब्रश पत्र्याच्या पेटीत भरले, पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या गळ्यातल्या साखळीत ओवली.

मनीनं कुलूप बघितलं. कुलपाकडे बघितलं, मग सासूकडे.

"काय बघतेस? कुलूप कधी बघितलं नाहीस?"

"बघितलंय, आई."

"मग झोप जा."

सकाळी निघताना मनीच्या खांद्याला तिची नेहमीची कापडी पिशवी होती. बाईंनी लक्ष दिलं नाही. त्या पेटी मांडीवर घेऊन गाडीत पुढे बसल्या, मुलाशेजारी.

बेकरीवाल्यांच्या घरात लोणी आणि भाजलेल्या पिठाचा वास भिंतींतच मुरलेला. नवरीची खोली बायकांनी भरली होती. नवरी शांत मुलगी होती. आई तिची साधी, कोणी काही विचारलं की आधी बहिणीकडे बघणारी. आणि ती बहीण, म्हणजे नवरीची मावशी, खोलीच्या मधोमध खुर्ची टाकून बसली होती, जणू लग्न तिचंच. बाईंना ती बघताक्षणी आवडली नाही. स्वतःसारखी बाई कुणालाच आवडत नाही.

"डोळे हलके हवेत," मावशीनं हुकूम सोडला. "गुलाबी आणि थोडं सोनं. भूत नाही करायचं पोरीचं."

"भुतं माझ्याकडे तयार व्हायला येत नाहीत," बाई म्हणाल्या. "त्यांना जमतं आपलं आपलं."

बायका हसल्या. मावशीही हसली, पण अर्धीच.

चेहऱ्याला रंगाचा हात मनीनं कोऱ्या स्पंजानं दिला. गाल बोटांनी झाले, भुवया पेन्सिलीनं. डोळ्यांची वेळ आली तेव्हा मावशीला आपला हात दाखवायला बाई स्वतःच पुढे सरसावल्या. मनी सासूच्या कानाशी वाकली. "आई, डोळे मी करू का?"

बाईंनी साखळीतून किल्ली काढली. "का? माझे हात गळून पडलेत?"

"नाही, म्हणजे..."

"म्हणजे काय? बाजूला हो, उजेड अडवू नकोस."

मनी बाजूला झाली.

पेटी बाईंनी उघडली. ब्रश बाईंनीच निवडला, मऊ, झुबकेदार, रंग पापणीवर धुक्यासारखा पसरवणारा. नवरीनं डोळे मिटले. गुलाबी रंग चढला, चांगला चढला. मग सोनं. सोनेरी भुकटी कोरड्या ब्रशला धरत नाही, म्हणून बाईंनी ब्रशची टोकं पाण्यात बुडवली, फडक्याला टिपली आणि पापणीवर टेकवून, जरा दाबून, बाहेरच्या कोपऱ्याकडे ओढली.

बायका पुढे वाकून बघू लागल्या.

बाईंना नवरीच्या पापणीवर एक सावली दिसली. त्यांना वाटलं आपल्याच हाताची. त्यांनी हात उचलला. सावली तिथंच होती. त्यांनी पुन्हा ब्रश टेकवला.

"अहो, थांबा!" मावशी खुर्चीवरून उठली. "हे काय केलंत? काळं केलंत पोरीला!"

नवरीनं दचकून डोळा उघडला. केसांच्या मुळाशी बसलेला काळा आणि मोरपंखी रंग पाण्यानं सुटून पापणीभर उतरला होता. तो आता डोळ्यात गेला. नवरी ओरडली, हात डोळ्याकडे गेला. तिच्या आईनं बहिणीकडे बघितलं.

मनी पुढे झाली. तिनं नवरीचा हात धरला, "चोळू नका, चोळू नका," म्हणत तिला मोरीकडे नेलं, डोळ्यावर पाणी मारलं, कापसानं कडा टिपल्या. मग वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझी चूक झाली. कालचा न धुतलेला ब्रश मी बाईंच्या हातात दिला."

मनीला एवढ्या मोठ्यानं बोलताना बाईंनी पहिल्यांदा ऐकलं.

मावशीनं तोंड सोडलं. "न धुतलेला? कुणाकुणाच्या डोळ्यांना लावलेला? लग्नाच्या दिवशी? कसली माणसं आणलीत, ताई, तुम्ही!" आणि बाई, ज्यांनी उभ्या जन्मात गिऱ्हाइकाच्या घरी मान खाली घातली नव्हती, त्या मावशीच्याही वरताण सुनेवर तुटून पडल्या.

"मनी! डोळे आहेत की बटणं लावलीत? एवढा काळा ब्रश तुला दिसला नाही? हे शिकवलं मी तुला? चारचौघांत माझं नाक कापलंस! बाजूला हो. नको, बाजूला नको होऊस. निस्तर आता तूच."

मनीनं निस्तरलं. पिशवीतून तिनं स्वच्छ फडक्यात गुंडाळलेले आपले ब्रश काढले. तेलाच्या बोळ्यानं पापणी पुसली, नवरीचा डोळा निवेपर्यंत थांबली, आणि मग सगळं पहिल्यापासून केलं. बाई कोपऱ्यातल्या स्टुलावर पिना धरून बसल्या. नवरी छान दिसली. उजवा डोळा तेवढा जरा लालसर होता. कुणी म्हणालं, लग्नात सगळ्यांचेच होतात.

परतताना बाईंना, खरं सांगायचं तर, बरंच वाटत होतं. आता कशी सापडली! माझ्या ब्रशांना नावं ठेवत होती. गाडीत त्या मुलाला म्हणाल्या, "बघितलंस? मी सांगत होते."

मुलगा आरशातून मागे बायकोकडे बघत होता. मनी खिडकीबाहेर.

"गप का? ब्रश देताना बघायला नको? कालचा..." आणि बाईंचं वाक्य तिथंच अडकलं.

मांडीवर पेटी होती. गळ्यात किल्ली होती. पेटी रात्रभर बंद होती. उघडली त्यांनी. ब्रश उचलला त्यांनी. मनीनं कुठला ब्रश दिला? कधी दिला?

गाडी चालत राहिली. घरी येईपर्यंत बाईंनी गळ्यातली किल्ली मुठीत धरून ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्या सगळ्यांच्या आधी खाली गेल्या. दुकानाचं दार आतून लावलं. पेटीतला तोच ब्रश काढून पुन्हा धुतला, घाई न करता, नेहमीपेक्षा जास्त वेळ. तेल, साबण, पाणी. पडद्यामागचा दिवा लावला, खिडकीही उघडली. कोरा रुमाल टेबलावर पसरला आणि ब्रश दाबून फिरवला. उचलून बघितलं.

पांढरा. त्यांना तर पांढराच दिसत होता.

त्यांनी रुमाल घडी केला नाही. तसाच हातात धरून रस्ता ओलांडला. समोर इस्त्रीवाला पहिलाच शर्ट टेबलावर घेत होता. पांढऱ्या कपड्यांचा पारखी म्हणाल तर गल्लीत तोच.

"या बाई. एवढ्याशा रुमालाला इस्त्री?"

"इस्त्री नको. नुसता बघ. पांढरा आहे ना?"

इस्त्रीवाल्यानं रुमाल घेतला आणि लगेच परत पुढे केला, जणू चटका बसला. "हे बघा बाई, आधीच सांगतो, हा डाग माझ्याकडचा नाही. माझ्याकडून गेला तेव्हा कोरा होता. तुमच्या सूनबाईंना विचारा."

"कसला डाग?"

"आता कसला म्हणजे! हा काय, ढळढळीत. गोल. मध्ये काळा, कडेला हिरवट. आंधळ्यालासुद्धा..." तो थांबला. बाई रुमाल डोळ्यांजवळ नेत होत्या, लांब धरत होत्या, पुन्हा जवळ.

"तुम्हाला दिसत नाही, बाई?"

"दिसतो की," बाई म्हणाल्या. मग त्यांनी रुमाल पुन्हा एकदा उजेडाकडे धरला. इस्त्रीतला कोळसा तडतडला. "नाही," त्या म्हणाल्या. "नाही दिसत."

इस्त्रीवाल्यानं शर्ट बाजूला केला आणि बाक पुढे ओढला. "बसा जरा. मोतीबिंदू असेल. माझ्या आईचा निघाला ना, दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, तू एवढा काळा कधी झालास?"

बाईंना हसू आलं नाही, पण त्या बसल्या. सगळं एकेक करून त्यांच्यापुढे येऊ लागलं. रंग कमजोर नव्हते. साबण पाणचट नव्हता. वायरमनला चहाविना घालवला, तो खरं बोलला होता. आणि इतक्या दिवसांत एकही गिऱ्हाईक बिघडलं नाही, एकही तक्रार आली नाही, ते त्यांच्या हाताच्या पुण्याईनं नव्हे. रोज सकाळी कुणीतरी पायांचा आवाज न करता खाली जात होतं आणि बेसिनशी उभं राहून त्यांची लाज धूत होतं.

त्यांना आधी राग आला. मग लाज वाटली. आणि मग त्या दोन्हींच्या खालून तिसरंच काहीतरी वर आलं, नवरीचं ते ओरडणं. उजवा डोळा. त्या उठल्या.

दुकानात येऊन त्यांनी बेकरीवाल्यांकडे फोन लावला. नवरीच्या आईनं उचलला.

"डोळा कसा आहे पोरीचा?"

"सुजलाय हो जरा. काल रात्रीच सासरच्यांनी डॉक्टरकडे नेलं. थेंब दिलेत, बरा होईल म्हणाले. काल लग्नात सारखं पाणी येत होतं, लोकांना वाटलं रडतेय."

बाईंनी डोळे मिटले. "ऐका. काल माझी सून खोटं बोलली. ब्रश तिनं दिला नव्हता. मी धुतला होता, मी काढला होता. मला दिसत नाही नीट. चूक माझी आहे. तिची नाही."

पलीकडे खुसफुस झाली. फोन मावशीच्या हातात गेला. "मग काल का नाही बोललात? काल तर सुनेला झोडपत होतात!"

"काल मला माहीत नव्हतं. आज कळलं. तुम्हाला काय बोलायचं ते आज मला बोला. मी ऐकते."

मावशी बोलली, बरंच बोलली. बाईंनी ऐकून घेतलं, मध्ये एक शब्द घातला नाही. शेवटी मावशीच दमली. "डोळा दाखवून घ्या स्वतःचा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज थोडा उतरला होता. "म्हातारपण कुणाला चुकलंय."

फोन ठेवून बाई वळल्या तेव्हा मनी पडद्याशी उभी होती. कधी आली कुणास ठाऊक.

"चहा आणू, आई?"

"नको. बस इथे."

मनी खुर्चीच्या कडेवर बसली. आरशात दोघी दिसत होत्या, बाईंना दोघीही धूसर.

"किती दिवस धुतेस?"

"बरेच दिवस."

"मला दिसत नाही हे कधी कळलं तुला?"

"दुसरा बल्ब लावला तेव्हा. एकदा तुम्ही मला रुमाल दाखवलात, बघ किती स्वच्छ म्हणून. त्यावर बोटाएवढा डाग होता."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

मनीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "सगळं माझ्याकडे आलंय. तुमच्याकडे तेवढंच उरलं होतं. तेही मी घेतलं असतं तर तुम्ही खाली आलाच नसतात. वरच बसून राहिला असतात. माझी आई तशीच गेली. सगळ्यांनी तिच्या हातातलं काम काढून घेतलं, आराम कर म्हणाले. ती भिंतीकडे तोंड करून पडली ती उठलीच नाही."

हे बाईंना माहीत नव्हतं. इतकी वर्षं घरात वावरणाऱ्या मुलीची आई कशी गेली, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. बाईंना तिच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला. हात उचललाही. पण मग त्यांनी तो खुर्चीच्या पाठीवर ठेवला, कारण जे बोलायचं होतं ते हात ठेवून बोलता आलं नसतं.

"ऐक मनी. तू माझ्यावर दया केलीस, ती मी विसरणार नाही. सून म्हणून तुझ्यात खोट काढायला मला आता तोंड राहिलं नाही. पण परवा पेटीला कुलूप बघितलंस तेव्हाच तुला कळलं होतं की तो ब्रश मुळाशी काळा असणार. म्हणून तर आपले ब्रश पिशवीत घेऊन आलीस. एकदा विचारलंस, मी डाफरले, आणि तू बाजूला झालीस. त्या पोरीनं डोळे मिटून चेहरा आपल्या हातात दिला होता, आणि तू माझं मन सांभाळत उभी राहिलीस. मला दिसत नव्हतं, हा माझा गुन्हा नाही. तुला दिसत होतं आणि तू बोलली नाहीस, हा तुझा गुन्हा आहे. माझा हात धरायचा होतास, सगळ्यांसमोर धरायचा होतास, मी तुझ्या थोबाडीत मारली असती तरी सोडायचा नव्हता. आजपासून ब्रश तू धुवायचे, दार उघडं ठेवून, मी शेजारी बसले असताना. आणि आत्ता उठ, चप्पल घाल. त्या पोरीच्या सासरी आपण दोघी जाऊ. माफी मी मागेन, पण तिच्या डोळ्याकडे तू नीट बघायचंस, कारण तो तुझ्याही हातून सुजलाय."